डावीकडचा स्क्रीन

आमच्या काकाला डेपोत सगळे 'आरसा' म्हणायचे. अजूनही म्हणतात, पण आता म्हणायच्या आधी तो जवळपास नाही ना ते बघून घेतात. बस चालवताना तो मान न वळवता ओरडायचा, "मागून दुसऱ्या सीटवरचे साहेब, पाय खाली! सीट तुमच्या सासऱ्यांची नाही!" आणि साहेबांचे पाय असे खाली यायचे की जणू सीटच तापली होती. मी लहानपणी त्याच्या बसमध्ये शेवटच्या बाकावर बसून जीभ काढून दाखवायचे. पुढून लगेच आवाज, "आत घाल, टेप! माशी बसेल!" मी सगळ्यांचे आवाज काढते म्हणून त्याने मला टेप नाव ठेवलंय. घरात माझं खरं नाव आता फक्त आई घेते, तेही रागावली की.

मग एका सकाळी दाढी करताना काकाला झटका आला. मेंदूचा, हृदयाचा नाही. हा फरक काकू येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यापासून समजावते, हृदयाचा असता तर जणू आमची अब्रूच गेली असती. काका सावरला मात्र झकास. हात आला, पाय आला, जीभ तर सगळ्यांच्या आधी आली आणि तिने आल्या आल्या नर्सबाईंना सलाईनची बाटली कशी लटकवावी ते शिकवलं. आम्ही म्हटलं, सुटलो.

नाही सुटलो. कंपनीच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला एका पांढऱ्या गोल भांड्यात तोंड घालून बसवलं. आत इकडेतिकडे बारके दिवे लागतात, दिसला की बटण दाबायचं. उजवीकडचे सगळे दाबले. डावीकडचे जवळजवळ एकही नाही.

"तुमचे डोळे उत्तम आहेत, बरं का," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांना बारा महिने सर्दी असते. "मेंदू तेवढा डावीकडचं घेत नाहीये, बरं का."

"पण मला सगळं दिसतंय," काका म्हणाला. "तुम्ही दिसताय, भिंत दिसतेय. काळा डागबिग काही नाही. डाग असता तर दिसला असता ना मला?"

"तेच तर. तो डागसुद्धा तुम्हाला दिसत नाही, बरं का."

घरी आल्यावर काकाने जाहीर केलं की त्या भांड्याचं बटण ढिलं आहे.

निकाल असा लागला: लायसन्स कपाटात. काही महिन्यांनी पुन्हा एकदा तपासणी, आणि ती शेवटची. तिच्यात डावीकडचे दिवे दिसले तर बस परत मिळणार. नाही दिसले तर नोकरी संपेपर्यंत डेपोतली चौकशीची खिडकी. तिथे तर त्याला लगेचच बसवलं. मी शाळेतून येताना बघायचे. खिडकीत एवढासा अर्धगोल, त्यात काकाचं तोंड, आणि बाहेरून एकच प्रश्न, "गाडी कधी येणार?" काका उत्तर द्यायचा, "यायची तेव्हा येणार, मी ओढत आणू का?" आणि तेवढ्यात त्याची स्वतःची बस, जिच्या तिसऱ्या गिअरला कसं चुचकारायचं ते फक्त त्याला ठाऊक, ती दुसऱ्याच कुणाच्या हाताखाली कण्हत समोरून जायची. काका तिच्याकडे बघायचा नाही. पण गिअर बदलताना ती खरडली की त्याचा डावा हात आपोआप टेबलावर पुढे सरकायचा.

तर कॉम्प्युटरची कल्पना आली ती डेपोत गाड्या धुणाऱ्याकडून. त्याने फोनवर काकाला एक खेळ दाखवला. त्यात एक माणूस घरात बसून बस चालवत होता. समोर तीन मोठे स्क्रीन, टेबलाला स्टेअरिंग, पायाखाली पेडल, आणि स्क्रीनमध्ये बसचे दोन्ही आरसे, प्रवासी, सिग्नल, सगळं. काकाने तो व्हिडिओ इतक्या वेळा बघितला की धुणाऱ्याच्या फोनची बॅटरी गेली.

"सराव," काका जेवताना म्हणाला. "बाकी काही नाही. सराव तुटलाय माझा. डोळ्याला वळण लागलं की त्या भांड्यात मी असे पटापट दिवे दाबतो की बाईंची सर्दी जाईल."

पैशाचं बोलणं आमच्याकडे दार लावून होतं, म्हणून मला फक्त शेवट ऐकू आला. काकू म्हणाली, "घ्या हो, घ्या एकदाचं. त्या खिडकीतून बघत बसण्यापेक्षा बरं."

असे आम्ही बॉटलनेककडे गेलो.

बॉटलनेक हा कॉम्प्युटरचे सुटे भाग विकणारा माणूस. दुकान म्हणजे दोन कपाटांमधली फट. त्यात तो, त्याचा पंखा आणि छतापर्यंत खोकी. वय पंचविशीचं असेल, पण बोलतो एखाद्या लग्न मोडणाऱ्या आत्येसारखा. कुठलेही दोन भाग जोडीने दाखवा, तो मान हलवून म्हणणार, "घ्या की. तुमची मर्जी. पण बॉटलनेक होईल." दुभाषी म्हणून काकाने मला बरोबर घेतलं होतं. "हिला कळतं तुमच्या भाषेतलं," असं त्याने सांगितलं. मला काही कळत नव्हतं. मला फक्त ती भाषा बोलता येत होती.

"बॉटलनेक म्हणजे काय रे बाबा?"

"म्हणजे काका, समजा प्रोसेसर फास्ट घेतला आणि कार्ड स्लो. मग प्रोसेसर पळतो आणि कार्डासाठी थांबून राहतो."

काकाचा चेहरा उजळला. "कंडक्टर! पुढे ड्रायव्हर इंजिन चालू करून बसलाय आणि मागे हा सुट्टे शोधतोय."

"अं... हो. तसंच काहीसं."

"मग असं सांग ना. उगाच बाटली कशाला मध्ये आणतोस?"

यानंतर सगळा व्यवहार बसच्या भाषेत झाला. प्रोसेसर म्हणजे इंजिन. पॉवर सप्लाय म्हणजे डिझेलची टाकी, ती मोठीच घ्यायची, वाटेत उभं राहायची नामुष्की नको. पंखे म्हणजे रेडिएटर. रॅमवर थोडा वाद झाला.

"रॅम म्हणजे एका वेळी किती गोष्टी तो डोक्यात धरू शकतो ते," बॉटलनेक म्हणाला.

"म्हणजे सीटा."

"हां, सीटा म्हणा."

"आणि उभे किती?"

"उभे नसतात, काका."

"उभे नसतात तर गाडी फायद्यात कशी येते?"

बॉटलनेकने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

आतून रंगीत दिवे लागणारं काचेचं कॅबिनेट काकाने एका वाक्यात नाकारलं, "मला सर्कशीत नाही जायचं." साधं काळं घेतलं. मग आलं ग्राफिक्स कार्ड. बॉटलनेकने ते दोन्ही हातांनी असं बाहेर काढलं की मला वाटलं आता कुणाच्या तरी मांडीवर देणार.

"चित्र हे काढतं, काका. जे काही दिसतं ते याच्यामुळे दिसतं."

काकाने कार्डावरून बोट फिरवलं. "म्हणजे पुढची काच," तो म्हणाला. "इथे कंजूषपणा नको. हे सगळ्यात चांगलं दे."

"एवढ्याची गरज नाही. बसच्या गेमला मधलं बास आहे. हे ओव्हरकिल होईल."

"तू दे."

आता मी दुकानदारांच्या बऱ्याच नकला करते, पण गिऱ्हाईक महाग वस्तू मागतंय आणि दुकानदार हात आखडतोय, हा सूर माझ्याकडे नव्हता. तो मी त्या दिवशी उचलला.

तीन स्क्रीन मात्र काकाने एकसारखे घेतले. डावा स्क्रीन तपासताना तो त्याच्या इतका जवळ गेला की नाक लागलं. "हा महत्त्वाचा," तो म्हणाला. "डावीकडून स्टॉप येतो, डावीकडून माणसं चढतात. उजवीकडे काय, नुसता रस्ता."

जोडणी आमच्या खालच्या खोलीत झाली. आम्ही वर राहतो, काका-काकू खाली. बॉटलनेक स्वतः आला, कारण काकाने सांगितलं होतं की इंजिन बसवताना तो समोर हवा. तीन स्क्रीन टेबलावर कमानीसारखे उभे राहिले. काकू पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करते, तिने लांबी डोळ्यांनीच मोजली आणि म्हणाली, "याला झालर लावू का?" स्टेअरिंग टेबलाला आवळलं. काकाने खुर्चीची उंची तीनदा बदलली, मग बुटांसकट बसला. घरात बूट!

खेळ सुरू झाला. आणि खरंच सांगते, पहिली दोन मिनिटं आम्ही सगळे प्रवासी होतो. काकाने सीटबेल्ट लावल्यासारखा हात छातीवरून नेला, उजवा आरसा बघितला, इंडिकेटर दिला, आणि बस अशी अलगद उचलली की खेळातल्या एकाही म्हातारीचा तोल गेला नसेल. त्याचा चेहरा! कित्येक महिन्यांनी त्याच्या खांद्यांना कुठे जायचं ते कळलं होतं. बाबा हळूच म्हणाले, "दादा परत आला रे."

धडाम्.

"हा खांब कुणी घातला इथे?" काका ओरडला.

खांब डावीकडे होता. केव्हापासून दिसत होता. आम्हा सगळ्यांना.

पुढे स्टॉपवर एक माणूस हात करून उभा होता. काका सरळ गेला. मग एक उभी मोटार, डावीकडेच. मग एक सायकलवाला. सायकलवाल्याच्या वेळी काकाने ब्रेक मारला, पण सायकल चाकाखाली गेल्यावर. तो स्टेअरिंग सोडून बसला. "आत्ता नव्हता तो," तो म्हणाला. "शपथ सांगतो, नव्हता. अचानक आला. बॉटल्या, तुझा हा डावा स्क्रीन चित्र उशिरा दाखवतोय."

बॉटलनेकने वाकून बघितलं. "तिन्ही एकत्रच चालतात, काका."

"मग केबल बघ."

केबल बदलली. दुसऱ्या दिवशी खांब दुसरा, धडाम् तेच.

मग सुरू झाली भाग निवडण्याची दुसरी फेरी आणि हिच्यात कुणालाच मजा येईना. काका खिडकी सुटली की डेपोतून थेट दुकानात. मी शाळेच्या दप्तरासकट मागे. काकाने आता शब्द शिकून घेतले होते आणि ते तो बॉटलनेकवरच वापरायला लागला. "बॉटलनेक होतोय. कुठेतरी होतोय. तू नीट शोध."

"काका, नाही होत. मी नंबर बघितले."

"नंबरचं मला सांगू नको. इंजिन गुळगुळीत चालतंय आणि गाडी एका बाजूला मार खातेय. म्हणजे सीटा वाढव."

सीटा वाढवल्या. रॅम दुप्पट झाली. खांब तसाच. कार्ड तापतं म्हणून चित्र अडकत असेल, असं ठरलं. जादा पंखे आले. खोलीत विमानतळासारखा आवाज सुरू झाला आणि काकू टीव्ही बघताना ओठ वाचू लागली. मग काकाने प्रोसेसर बदलायचं काढलं. त्या दिवशी बॉटलनेकने खोकं कपाटातून काढलं, काकाच्या हातात दिलं, परत घेतलं आणि कपाटात ठेवलं.

"मी नाही विकत," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे नको, काका. तुमची मशीन माझ्या दुकानातल्या मशीनपेक्षा चांगली आहे. मी स्वतः काल तुमच्याकडे चालवली. एकही खांब लागला नाही."

"तू हळू चालवतोस," काका म्हणाला. "पोरं चालवतात तसा."

बॉटलनेकने पुन्हा माझ्याकडे बघितलं. या वेळी मला छत सापडेना. त्याला कळलं होतं. आम्हाला तर सगळ्यांनाच आधीपासून माहीत होतं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं की! पण सांगितलेलं माहीत असणं वेगळं आणि सायकलवाल्यावरून बस जाताना शेजारी उभं राहून बघणं वेगळं.

त्या आठवड्यात मला आणखी एक दिसलं. काका जेवत होता आणि ताटाचा उजवा अर्धा भाग चाटूनपुसून लख्ख, डावा जसाच्या तसा. "झालं माझं," असं म्हणून तो उठायला लागला. काकूने पाणी ठेवण्याच्या निमित्ताने ताट हळूच अर्धं फिरवलं. काका म्हणाला, "अरे, आहे की अजून," आणि पुन्हा बसला. हे इतकं सराईतपणे झालं की मला कळलं, हे रोज होतंय. रोज, दोन्ही वेळा.

मी काकूला स्वयंपाकघरात गाठलं.

"तू सांग ना त्याला."

"मी काय सांगू? मी ताट फिरवते. माझ्याने तेवढंच होतं." भांडी आदळत होती. "तू सांग. तुझं ऐकतात ते."

"माझं? कधी ऐकलंय त्याने माझं?"

"मग तुझ्या बाबांना सांग सांगायला."

बाबा दातांच्या डॉक्टरकडे कवळ्या बनवतात. त्यांच्याकडे नुसते साचे येतात, माणसं येत नाहीत. वाईट बातमी द्यायची सवयच नाही त्यांना. "सांगू," ते म्हणाले. "सांगायला हवंच. पण आता तपासणी तोंडावर आलीय, आत्ता कशाला त्याचं मन मोडा? ती झाली की सांगू."

"ती झाली की त्याला कळेलच की, बाबा."

"हो ना," बाबा म्हणाले, सुटल्यासारखे. "मग प्रश्नच मिटला."

म्हणजे आम्ही सगळे त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभे राहिलो होतो. तिथे उभं राहिलं की त्याच्या नजरेला नजर द्यावी लागत नाही.

तपासणी गुरुवारी होती. मंगळवारी बॉटलनेकचं दुकान बंद असतं, म्हणून काकाने त्याला दुपारी घरी बोलावलं. मी शाळेतून आले तेव्हा तो दारात बूट काढत होता, चेहरा इंजेक्शन घ्यायला आल्यासारखा.

"ये, बस," काका म्हणाला. तो खुशीत होता. खिडकीतून त्याने अर्धी रजा घेतली होती. "मला सापडलंय. रात्रभर शोधून नाही, आज चौकशीला बसल्या बसल्या सापडलं. गाडीतून उतरलेली एक म्हातारी विचारत होती, गाडी डावीकडे का ओढतेय. आता तिला मी काय सांगू? पण डोक्यात लख्ख पडलं. गाडी एका बाजूला ओढायला लागली की डेपोत आम्ही काय करतो?"

"काय करता?"

"चाकं बदलतो. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. मग चालवून बघतो. आता ती उलट्या बाजूला ओढायला लागली, तर चाक खराब. आणि तरीही त्याच बाजूला ओढत राहिली, तर चाकाला शिव्या द्यायच्या नाहीत. दोष गाडीत आहे." त्याने टाळी वाजवली. "तू हा डावा स्क्रीन काढ आणि उजवीकडे लाव. उजवा डावीकडे. आत्ता कळेल."

खोलीत फक्त पंख्यांचा आवाज. जादाचे सगळे पंखे.

"काका, नको," बॉटलनेक म्हणाला.

"का नको?"

"वॉरंटी... वॉरंटी जाईल."

"स्क्रीन उचलून इकडचा तिकडे ठेवला तर वॉरंटी जाते? कुठल्या शाळेत शिकलास?"

"अहो, चहा घ्या आधी," काकू म्हणाली.

"चहा नंतर. टेप, तू धर एका बाजूने."

मी धरलं. काय करणार? बॉटलनेकने केबली काढल्या, इतक्या सावकाश की एरवी मी त्याची नक्कल केली असती. डावा स्क्रीन उजवीकडे गेला. उजवा डावीकडे आला. काका मागे हात बांधून बघत होता, डेपोच्या मेकॅनिकवर देखरेख करायचा तसा. "वायर नीट घे. हां. आता बरोबर."

तो बसला. बेल्टचा हात छातीवरून नेला. मी त्याच्या डावीकडे, टेबलाच्या टोकाशी उभी होते, नवीन डाव्या स्क्रीनच्या अगदी शेजारी. त्या स्क्रीनमध्ये ऊन पडलेला रस्ता होता, झाडं होती, दुकानं होती, इतकं स्वच्छ चित्र की पानं मोजता यावीत. बस निघाली.

पहिला स्टॉप आला. डावीकडे बाई उभी होती, हातात मूल, हात वर. काका गेला.

मी मनात म्हटलं, बघ. बघ ना. अरे इकडे बघ.

दुसऱ्या वळणाला कचऱ्याची गाडी उभी होती. केवढीतरी हिरवी. काका शीळ घालत होता.

धडाम्.

काकाने ब्रेक दाबून धरला. मग गिअर न्यूट्रलला आणला, हँडब्रेक ओढला. खेळात हँडब्रेक नुसतं बटण आहे, पण त्याने हात खाली नेऊन ओढला. इंजिन बंद केलं. बराच वेळ तो उजवीकडच्या स्क्रीनकडे, म्हणजे कालपर्यंत जो दोषी होता त्याच्याकडे बघत राहिला. तिथे सगळं ठीक चाललं होतं. गाड्या जात होत्या, येत होत्या.

"आता काय राहिलं बदलायचं?" त्याने विचारलं.

बॉटलनेकला कशालाही उत्तर असतं. त्याने कॅबिनेटकडे बघितलं, कार्डाकडे, पंख्यांकडे. "काही नाही राहिलं, काका," तो म्हणाला. आणि मग, बिचारा, "तुम्ही म्हणत असाल तर मी सगळं परत घेतो."

"तू कशाला परत घेतोस? तुझं काय चुकलंय?" काका म्हणाला. मग इकडेतिकडे बघून, "टेप कुठे गेली? पोरगी गेली वाटतं वर."

मी त्याच्यापासून दोन हातांवर होते.

"इथेच आहे," मी म्हटलं.

"कुठे?"

"इथे. डावीकडे."

काकाने मान वळवली. सावकाश, खूप वळवली, खांदासुद्धा वळला, आणि मग कुठेतरी मी त्याला सापडले. त्याच्या डोळ्यांत ते मला दिसलं, आधी मी नव्हते आणि मग होते.

"केव्हापासून उभी आहेस?"

"पहिल्यापासून."

"अच्छा," तो म्हणाला.

काकू चहा टाकायला आत गेली, खरं तर पळाली. बॉटलनेकने वायरी गुंडाळायला घेतल्या, ज्या गुंडाळायची काही गरज नव्हती. काकाने बूट काढले, शेजारी शेजारी ठेवले आणि मला म्हणाला, "कंपनीच्या तपासणीच्या ऑफिसला फोन लावून दे."

"कशाला?"

"लाव."

मी लावला. शेजारीच उभी राहिले, या वेळी उजवीकडे. पलीकडे एक बाई होती, तोंडात काहीतरी होतं तिच्या.

"बोला."

"ताई, माझी गुरुवारी डोळ्यांची तपासणी आहे. ती रद्द करायची आहे," काका म्हणाला. असा अदबशीर आवाज मी त्याच्या तोंडी कधी ऐकला नव्हता.

"रद्द होत नाही. पुढे ढकलता येते. ढकलू?"

"ढकलू नका. नकोच आहे मला ती."

"असं नसतं ना, काका. कारण काय टाकू?"

काकाने तोंड उघडलं. एवढ्या महिन्यांत बटण ढिलं होतं, केबल जुनी होती, सीटा कमी होत्या, पंखे कमी होते. त्याने श्वास घेतला.

"डावीकडचं दिसत नाही."

"कुणाला?"

"मला."

पलीकडे काहीतरी टाइप झालं, मग खोडलं. "ते तुम्ही नाही ठरवायचं, काका. ते तपासणीत ठरतं."

"अहो, पण मला माहीत आहे ना."

"तुम्हाला माहीत असून चालत नाही. न येता बंद केलं तर गैरहजर लागेल, मग खिडकीची नोकरीपण अडकेल. तुम्ही या, बसा, दिवे दिसले तर दाबा, नाही दिसले तर नका दाबू. पाच मिनिटांचं काम आहे. ठेवू?"

"ठेवा," काका म्हणाला.

फोन त्याच्या हातात तसाच राहिला. काकू चहा घेऊन दारात आली होती.

"काय म्हणाल्या?"

"'या' म्हणाली," काका म्हणाला.